विकत मिळतो, तरी रंधा घरीच करावा

वडाळ्याच्या आमच्या जुन्या इमारतीत गॅलरीच्या एका टोकाला मी लाकूडकाम करतो. तिथे लाकडी रंधा आकाराला येताना दिसला की येणारा-जाणारा ठरलेला प्रश्न विचारतो : विकत मिळत नाही का? विचारणाऱ्याचं मत बहुधा आधीच झालेलं असतं. हजार-दीड हजारात लोखंडी रंधा घरपोच येतो, आणखी थोडे पैसे टाकले तर विजेवर चालणारा येतो. शिवाय आता घरात सगळं प्लायवूड आणि सनमायका. रंधा लागतोच कुठे? मग रविवारमागून रविवार घालवून लाकडाच्या ठोकळ्यात तोंड कोरत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, फार तर निवृत्त माणसाची हौस आहे. असं बोलणारी माणसं शहाणी आहेत, कष्ट करून वर आलेली आहेत. म्हणूनच त्यांचं म्हणणं कानाआड करून चालणार नाही, त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं. ते म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

सुरुवात किमतीपासून करू, कारण तोच मुद्दा बिनतोड समजला जातो. स्वस्त लोखंडी रंधा खोक्यातून काढला आणि लाकडावर चालवला, असं होत नाही. त्याच्या तळाला लोखंडी पट्टी लावून उजेडाकडे धरा. मधे प्रकाशाची रेघ दिसते. म्हणजे तळ सपाट नाही. पातं उलटून पाठ बघा. यंत्राचे ओरखडे जसेच्या तसे असतात, आणि पाठ आरशासारखी झाल्याशिवाय धार लागत नाही. पात्यावर आणखी एक पट्टी असते. तिचं काम ढलपी उठताक्षणी मोडणं, म्हणजे ती पुढचं लाकूड उचकटत नाही. स्वस्त रंध्यात ही पट्टी पात्याला नीट टेकतच नाही. ढलपी दोघांच्या मधे शिरते, तोंड तुंबतं, आणि नवखा माणूस समजतो की आपल्याला रंधा मारता येत नाही. महिनाभरात तो रंधा माळ्यावर जातो. पैसे देऊन आणलेली ही वस्तू अर्धवट असते. उरलेलं अर्धं काम घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. ओतीव लोखंडाचा तळ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासायचा म्हटलं तर दिवस मोडतो. लाकडाचा तळ तसाच घासला तर चहा निवायच्या आत सपाट होतो.

लोखंडी रंध्याशी माझं वैर नाही. लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराने 1860च्या दशकात त्याची रचना पेटंट केली, स्टॅनले कंपनीने 1869 मध्ये ती घेतली, आणि आजही जगभर जवळपास तीच रचना चालते. पितळी फिरकीने पातं केसभर खाली-वर करता येतं, ही सोय मोठी आहे. पण ती रचना चोख उतरलेला रंधा महाग पडतो, आणि स्वस्त नकलेत सोय राहते, चोखपणा जातो. शिवाय या रंध्यांत पातं 45 अंशांवर बसवलेलं असतं. मऊ, सरळ रेषेच्या लाकडाला ते ठीक. आपल्याकडचा शिसव घ्या, बाभूळ घ्या. त्यांच्यात रेषा एकदा अशी, एकदा तशी वळते, आणि 45 अंशांचं पातं उलट्या रेषेवर गेलं की लाकडाचे टवके निघतात. तिथे पातं 50 किंवा 55 अंशांवर उभं हवं. दुकानदाराला 55 अंशांचा रंधा मागून बघा. घरी करणाऱ्याला मात्र कापण्याआधी गुण्या आणि कोनमापक लावून रेघ तेवढी बदलायची असते. आपण कुठलं लाकूड साफ करणार आहोत, आपला हात केवढा आहे, आपण उजवे की डावखुरे, हे सगळं त्या रेघेत आणि त्या ठोकळ्यात उतरवता येतं.

‘हे घरी जमणारं काम नाही, त्याला पिढीजात सुताराचा हात लागतो,’ असंही सांगितलं जातं. जुन्या पद्धतीपुरतं ते खरं आहे. कोकणातला सुतार अखंड ठोकळ्यात वरून पटाशी घालून तोंड कोरायचा, आतल्या तिरक्या भिंती नुसत्या अंदाजाने सरळ आणायचा. तो हात वर्षानुवर्षांच्या कामाने येतो. पण दुसरी वाट आहे, आणि ती नीट लिहून ठेवली गेली आहे. जेम्स क्रेनॉव्ह हे 1920 मध्ये रशियाच्या अगदी पूर्व टोकाला जन्मलेले, स्वीडनमध्ये काम शिकलेले फर्निचर कारागीर. 1976 मध्ये ‘अ कॅबिनेटमेकर्स नोटबुक’ हे त्यांचं पुस्तक आलं, 1981 पासून त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगला शिकवलं, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत जगभर नेली. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या करवतीने कापून वेगळ्या काढायच्या. मधला गाभा पातं टेकण्यासाठी तिरका कापायचा, समोरचा तुकडा ढलपी वर निघेल असा कापायचा, आणि दोघांच्या मधे तोंडाची जागा सोडून बाजूच्या फळ्या पुन्हा चिकटवायच्या. पाचर अडवायला मधून एक आडवी दांडी घालायची. कोरणं जवळपास नाहीच. करवत, पटाशी, कानस, गुण्या, चार सी-क्लॅम्प आणि फेविकॉल, एवढ्यावर हे गॅलरीत होतं.

लाकूडही मुंबईत मिळतं, आणि फार चांगलं मिळतं. गिरगावातल्या, लालबागेतल्या जुन्या चाळी पुनर्विकासासाठी पाडल्या जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया, जिन्याचे कठडे जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. त्यात बर्मा साग असतो. कित्येक दशकं छपराखाली उभं राहून ते लाकूड इतकं स्थिरावलेलं असतं की आता नव्याने कापलेला साग त्याच्या जवळही जात नाही. सागाला दोन खोडी आहेत. एक म्हणजे त्यात तेल असतं, म्हणून डिंक लावायच्या आधी कापलेला भाग थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यावा लागतो. दुसरी म्हणजे त्यात वाळूचा अंश असतो, तो धार खातो. रंध्याचं अंग म्हणून त्याचा काही त्रास नाही. तळ लवकर झिजू नये म्हणून मी खाली शिसवाची पातळ पट्टी चिकटवतो. ठोकळा अखंड असेल तर टोकाकडची वर्षवलयं बघावीत आणि सालीकडची बाजू तळाला घ्यावी.

पण हे सगळं करून हाती काय येतं, ते तोंड उघडताना कळतं, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. रंधा चिकटवून झाला की तळ बंद असतो, किंवा तोंड इतकं बारीक असतं की धार बाहेर येऊ शकत नाही. पातं आणि पाचर बसवायची, कामाच्या वेळी असेल तेवढीच घट्ट, धार मात्र थोडी आत ठेवायची. मग तळ पॉलिश पेपरवर घासायचा. दर काही हातांनी रंधा उलटा धरून डोळ्याच्या रेषेत बघायचं. तळ सपाट होत जातो आणि तोंड हळूहळू उघडत जातं. पात्याची धार आत काळ्या रेघेसारखी दिसू लागते. इथे घाई नडते. बारीक कानशीने पुढच्या काठावर एक-दोन हात, पातं पुन्हा बसवणं, पुन्हा बघणं. धार जेमतेम तळाबाहेर डोकावली आणि तिच्या पुढे वहीच्या कागदाइतकी फट राहिली की कानस खाली ठेवायची. त्यानंतर पाचरीवर लाकडी हातोडीचा हलका ठोका. पातं खाली सरकवायचं तर पात्याच्या डोक्यावर ठोका, वर घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या बाजूला. पातं पक्कं बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ होता तो भरीव होतो. पहिली ढलपी सलग, रुंद आणि इतकी पातळ निघते की तिच्यातून बोटांचे ठसे दिसतात.

ज्याने हे केलं त्याला तोंड रुंद असलं की लाकूड का उचकटतं, हे कुणी सांगावं लागत नाही. पाचर एका बाजूलाच दाबत असेल तर पातं का थरथरतं आणि लाकडावर लाटा का उमटतात, हे तो पाचर काढून, तिच्यावर पेन्सिल घासून, कुठे टेकते ते बघून ठरवतो आणि दोन मिनिटांत दुरुस्त करतो. उद्या त्याने महागडा लोखंडी रंधा घेतला तरी तो त्याच्याकडून चोख काम करून घेईल. विकत घेणाऱ्याला रंधा मिळतो, करणाऱ्याला रंधा कळतो. सगळ्या हत्यारांत रंधा यासाठी सर्वांत योग्य आहे. करवत घरी होत नाही, पटाशीत करण्यासारखं फारसं नाही. रंध्यात मात्र कोन, धार, तोंड, तळ, पाचर सगळं एकमेकांवर अवलंबून, आणि सगळं हातातल्या साधनांनी होणारं.

आता विजेच्या रंध्याकडे वळू. त्याची पाती मिनिटाला 16,000च्या आसपास फेरे घेतात आणि आवाज सहज 85 डेसिबलच्या वर जातो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, रात्री 45. वडाळ्यात भिंतीला भिंत लागून घरं आहेत. शेजारी कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, कुणाची दहावी असते. हाताचा रंधा रात्री नऊ वाजता चालवला तरी पलीकडच्या खोलीत कळत नाही. आणि धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. नाक आणि नाकाजवळच्या पोकळ्यांचा कर्करोग तिने होतो. हाताचा रंधा धूळ करत नाही, ढलप्या करतो. त्या झाडूने गोळा होतात. दोन खोल्यांच्या घरात, जिथे त्याच जागी मूल अभ्यासाला बसतं, तिथे हा फरक लहान नाही. दिवसाला पन्नास दारं बसवणाऱ्या कंत्राटदाराने विजेचा रंधा जरूर वापरावा. त्याची गरज आणि घरातल्या माणसाची गरज एकच मानणं ही मूळ चूक आहे.

‘रंधा लागतोच कुठे’ म्हणणाऱ्यांनी जुलैत आपलं न्हाणीघराचं दार ओढून बघावं. मुंबईत पावसाळा आला की घरोघर दारं फुगतात, चौकटीत अडकतात, आणि त्यांच्या कडा साफ करायला सुतार शोधत फिरावं लागतं. प्लायवूडच्या कपाटालाही कडेची लाकडी पट्टी असते, तीही रंध्यानेच बसती करतात. देवघराचा पाट, चौरंग, खुर्चीचा डगमगणारा पाय ही सगळी कामं रंधा मागतात.

पावसाळ्यावरून एक आक्षेप उलटा येतो : लाकडी रंधा मुंबईच्या हवेत टिकणार नाही, वाकेल. थोडा हलेल, हे खरं. लाकूड आडव्या रेषेत फुगतं आणि आकसतं, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीच्या सुमाराला तळ एकदा घासून घ्यावा लागतो. पण त्याच खाऱ्या, दमट हवेत लोखंडी रंधा गंजतो, आणि गंज चढलेला तळ लाकडावर काळे डाग सोडतो. कोकणात धो धो पाऊस पडतो, आणि तिथल्या सुतारांनी पिढ्यानपिढ्या लाकडी रंध्यानेच घरं आणि होड्या बांधल्या. 1545 मध्ये बुडालेलं इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ जहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढलं. त्यावरच्या सुतारांच्या सामानात लाकडी रंधे सापडले. आयुष्यभर समुद्रावर राहणारी माणसं तेच हत्यार वापरत होती. आपल्या गॅलरीतली हवा त्याहून वाईट नाही.

खरा वजनदार आक्षेप मला एका सुतार मिस्त्रीने ऐकवला. तो म्हणाला, ‘साहेब, आमच्या आजोबांनी रंधे केले ते विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून. तुम्ही तेच केलं की लोक फोटो काढतात.’ या बोलण्यात जी जखम आहे ती खरी आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवून लाकडी रंध्याचं गुणगान करण्याचा कुणालाही अधिकार नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) या पुस्तकात बलुतेदारीची रचना मांडली आहे. सुताराने वर्षभर शेतकऱ्याची आउतं घडवायची, दुरुस्त करायची, आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. तो किती मिळेल हे त्याच्या हातात नव्हतं. दिवसभर उकिडवं बसून फळ्या साफ करण्यात पाठी मोडल्या. ते काम यंत्राने घेतलं हे चांगलंच झालं, आणि ते परत यावं असं मी कधीही म्हणणार नाही.

पण त्या आजोबांच्या कामात दोन गोष्टी होत्या, आणि त्या वेगळ्या करून बघायला हव्यात. ओझं होतं ते फळीमागून फळी साफ करण्याचं. रंधा घडवणं म्हणजे डोकं होतं : कोणतं लाकूड, कोणता कोन, तोंड केवढं, पातं लोहाराकडून कसं पाणी देऊन घ्यायचं. ते ज्ञान होतं आणि बहुतेक कुठेच लिहिलं गेलं नाही, कारण लिहिणाऱ्या वर्गाने हाताचं काम हलकं मानलं आणि करणाऱ्या जातीला वहीपासून लांब ठेवलं. आता त्याच लिहित्या वर्गातली माणसं रंधा करणाऱ्याला ‘हौस’ म्हणतात, तेव्हा ती जुनी उतरंडच नव्या शब्दांत सांगत असतात. हात वापरणं म्हणजे एक तर नाइलाज, नाही तर करमणूक. गंभीर काम म्हणजे फक्त टेबलावरचं. मला हे मान्य नाही. पांढरपेशा घरातल्या माणसांनी रंध्याला हात लावू नये, हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यांनी तो मिस्त्रीकडून शिकावा, शिकवण्याचे पैसे द्यावेत, कुणाकडून शिकलो ते सांगावं, आणि हाताने साफ केलेल्या दाराची मजुरी देताना घासाघीस करू नये. रंधा करताना ज्याने स्वतः घाम गाळला तो ही घासाघीस करत नाही, हे मी पाहिलं आहे.

हाताचं काम हेही गंभीर काम आहे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला होता. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला तो हाताने करत करतच विज्ञान शिकता येतं या विश्वासावर, आणि शाळा सोडलेल्या मुलांना घेऊन त्यांनी ते करून दाखवलं. आपण मात्र शाळेतला कार्यानुभवाचा तास कागदी फुलांवर भागवला. वडाळ्याला खेटून माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. 1887 मध्ये स्थापन झालेली ही संस्था 1923 मध्ये इथे आली. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मुंबईतली मुलं सुतारकामाच्या शेडमध्ये दोन लाकडं जोडायचा एक नमुना करतात, गुण घेतात, आणि नमुना भंगारात जातो. त्याच तासांत एकेक छोटा रंधा करून घेतला, तर पात्याचा कोन, पाचरीचा दाब, घर्षण, लाकडाचं फुगणं हे सगळं हातात येईल आणि वस्तू आयुष्यभर घरी राहील. केंद्र सरकारच्या 17 सप्टेंबर 2023ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. सुताराला अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, ती योग्यच आहे. पण त्याच यादीत हातोडा आणि अवजारं घडवणारे हा वेगळा व्यवसाय म्हणून मोजला आहे, याकडे ‘अवजार विकत घ्या’ म्हणणाऱ्यांनी लक्ष द्यावं. अवजार घडवणं हे कौशल्य आहे, हे सरकारदरबारीही मान्य झालं आहे.

राहिला वेळेचा मुद्दा. त्याला उत्तर द्यायला मला फार जागा लागत नाही. मोबाइलवर जाणाऱ्या संध्याकाळींचा हिशेब कुणी मागत नाही, रंध्यावर गेलेल्या रविवारांचाच मागतात.

शेवटी पात्याचं बघू. त्यासाठी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या गॅरेजांतून स्प्रिंगचा तुटलेला पाटा आणून लोहाराकडून घडवून घेता येतो. ते पोलाद चिवट असतं, पण त्यात कर्ब कमी, म्हणून धार लवकर जाते. जुन्या कानशीचं पोलाद धार जास्त टिकवतं. या दोन्हींपेक्षा चांगलं पातं मात्र पुष्कळांच्या घरातच पडून आहे. जुन्या रंध्यांची पाती बहुधा मऊ लोखंडाची असत आणि धारेकडे कठीण पोलादाचा पातळ थर जोडलेला असे. कड ओली करून उजेडात तिरकी धरली तर जोडाची रेघ दिसते. अशी पाती झटपट घासली जातात आणि धार दीर्घकाळ धरतात. शेफिल्डचा शिक्का असलेली पाती चोर बाजारात आजही हाती लागतात. इमारत पुनर्विकासाला जाताना माळा रिकामा कराल, तेव्हा आजोबांचा वाळवी लागलेला रंधा भंगारवाल्याच्या वजनात घालू नका. पाचर ठोकून पातं काढून घ्या, गंज रॉकेलने पुसा, आणि तुम्हाला नको असेल तर जवळच्या सुताराला किंवा शिकणाऱ्या मुलाला द्या. त्या पात्याभोवती नवं लाकूड घालता येतं.